करंडकातली मतं

"कोणाची हरकत?" असं विचारून अध्यक्षांनी उत्तराची वाट न पाहता टेबलावरची घंटा वाजवली. भारोत्तोलन संघटनेत सगळे ठराव असेच मंजूर होत.

"माझी," कोपऱ्यातून सरकारी निरीक्षक बाई म्हणाल्या. "नव्या कायद्यात घंटेवर निवडणूक होत नाही. समोर दुसरा उमेदवार हवा आणि मतदान गुप्त हवं."

अध्यक्ष मनापासून हसले. करंडकापेक्षा जड असं त्यांनी आयुष्यात काही उचललं नव्हतं. खुर्ची मात्र बारा वर्षं पेलली होती. त्यांनी नजर फिरवली आणि भिंतीला टेकून बसलेल्या प्रशिक्षकांना हेरलं.

"मास्तर, तुम्ही उभे राहा."

"मी कशाला, साहेब? मला कोण मत देणार?"

"नावापुरतं हो. कायद्याचं समाधान करायचं."

मतपेटी नव्हती, म्हणून करंडकच पुढे सरकवला. एकेक सभासद वजनांच्या कपाटाआड जाऊन चिठ्ठी लिहून आला. शेवटी अध्यक्ष उठले. मास्तर तळहात पँटला पुसत बसले होते. एवढं वजन उचललेला माणूस साध्या मतदानाला घामाघूम झालेला पाहून अध्यक्षांना गलबलून आलं. कपाटाआड उभ्या उभ्या त्यांनी आभाराचं भाषणही जुळवलं. हरलेल्याबद्दल त्यात दोन गोड वाक्यं होती.

बाईंनी चिठ्ठ्या उलगडल्या. "मास्तर, अकरा. अध्यक्ष, शून्य."

चिटणीस ताडकन उठले. ते अध्यक्षांचे मेहुणे. "घोळ आहे, बाई! भाऊजींनी स्वतःला तरी मत दिलंच असेल ना? चिठ्ठ्या बदलल्यात."

"आणि तुझं मत रे?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

मेहुणे बुटांकडे पाहू लागले.

"अध्यक्ष," बाई म्हणाल्या, "तुमचं मत यात दिसत नसेल तर सांगा. निवडणूक इथेच रद्द करते. हरकत आहे?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. एक 'हो' म्हटलं की खुर्ची परत. अध्यक्षांनी घंटेकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. ते अजून हात पुसत होते.

"हरकत नाही. मास्तरांना अगदीच भोपळा मिळू नये म्हणून माझं मत मीच त्यांना दिलं." मग मेहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "लिही, सर्वानुमते मंजूर. या वेळी खरंच आहे."