तिसरा मजला

ट्रकने पोस्टमनचा डावा पाय नेला, तेव्हा खालच्या कोर्टाने दवाखान्याच्या बिलापुरती भरपाई देऊन त्याची बोळवण केली. आता तो कृत्रिम पायासाठी अपिलात आला होता. विमा कंपनीचे वकील बक्षीस घ्यायला उठावं तसे उठले. “साहेब, रोजनाम्यातली हजेरी बघा. चौतीस तारखा, तिसरा मजला, लिफ्ट बंद, तरी हा पठ्ठ्या कुबड्यांवर प्रत्येक तारखेला हजर! कशाला हवाय याला नवा पाय?” पोस्टमनने कुबडीकडे पाहिलं. तिच्या टोकाचं पाचवं रबर याच जिन्यावर झिजलं होतं. आणि हा दीडशहाणा तीच हजेरी त्याच्यावर उलटवत होता! न्यायाधीशांनी विचारलं, “तुम्हाला काही बोलायचंय?” “त्याच रोजनाम्यात यांचीही हजेरी बघा,” पोस्टमन उभा राहत म्हणाला. “अकरा वेळा गैरहजर. साहेब, नवा पाय यांनाच द्या. दोन धडधाकट असूनही बिचाऱ्यांना जिना चढवत नाही.”