अठरा खेळाडू, सतरा फलक

तोगाशी मैदानाच्या फाटकातून आत आला तेव्हा त्याच्या काखेत एक गाठोडं होतं. गाठोड्यातून निळ्या कापडाची लाल दोऱ्याने शिवलेली कड डोकावत होती. वर, गोलामागच्या पायऱ्यांवर कठड्याला कापडी फलक बांधणाऱ्या कुमेदाने ती शिवण पाहिली आणि त्याची बोटं दोरातच अडकून राहिली. शिवण त्याच्या बायकोच्या हातची होती.

"आला हो तुमचा कसाई!" खाली माकूळ भाजणाऱ्या हिनात्सुबाई ओरडल्या. "केस गेले, पण चाल बघा. अजून समोरच्याचा गुडघा शोधत चालतोय!"

इसोहामा फुटबॉल क्लबच्या चाहत्यांचा मेळावा होता. दुपारी जुन्या, निवृत्त खेळाडूंचा सामना. ज्या खेळाडूवर कुणाचा तरी जीव असतो, तो चाहता त्याच्या नावाचा फलक करून घेतो, आणि सामना संपला की खेळाडू आपल्या फलकासमोर येऊन कमरेत वाकतो, ही इथली रीत. आज खेळाडू अठरा होते. फलक सतरा.

"तोगाशीचा कुठाय?" हिनात्सुबाईंनी सकाळीच विचारलं होतं.

"पेटाऱ्यात सापडला नाही," कुमेदा म्हणाला होता. खोटं नव्हतं. तो कुणी करूनच घेतला नव्हता. अकरा मोसमांत नऊ लाल कार्डं घेणाऱ्या बचावपटूवर जीव लावायला तेवढंच घट्ट काळीज लागतं.

नवा फलक रंगवायला कुमेदाला अर्धा तास पुरला असता. गावातल्या सगळ्या पाट्या त्याच्याच हातच्या. पण 'तोगाशी' हे नाव त्याने आयुष्यात एकदाच लिहिलं होतं, आणि पुन्हा लिहिलं तर अक्षर ओळखलं जाईल, ही धास्ती होती.

तेवीस वर्षांपूर्वी, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, तोगाशीने चेंडू आपल्याच गोलात घातला आणि क्लब खालच्या श्रेणीत गेला. कुमेदाने मासळीबाजाराच्या छताचं उरलेलं निळं कापड घेतलं. दुकानाला पडदा हवाय असं सांगून बायकोकडून कडा शिवून घेतल्या. मग त्यावर हातभर अक्षरांत लिहिलं: 'तोगाशी, गाव सोड!' दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरावाच्या मैदानाच्या कुंपणाला फडफडत होतं. दुपारी नव्हतं. महिनाभरात तोगाशीही नव्हता.

समुद्राच्या वाऱ्याने नेलं असेल, अशी कुमेदाने मनाची समजूत घातली. तरी खबरदारी म्हणून त्याने अक्षराचं वळण बदललं. फटकाऱ्यांच्या शेपट्या आखूड केल्या. गावच्या वर्तमानपत्राने त्यावर 'कुमेदा यांच्या शैलीतील नवी प्रगल्भता' असा लेख छापला. पुढे तो चाहता संघाचा अध्यक्ष झाला. दर मेळाव्यात त्याचं भाषण ठरलेलं: 'आपल्या गावाने आजवर एकाही खेळाडूला वाऱ्यावर सोडलेलं नाही.' आजही ते त्याच्या खिशात होतं.

तोगाशी पायऱ्या चढू लागला. उजवा पाय अधू झाला होता, त्यामुळे प्रत्येक पायरीवर तो थांबे. कुमेदाला वाटलं, मुद्दामच थांबतोय. पळायला वाट नव्हती. मागे भिंत, दोन्ही बाजूंना फलक. खाली मैदानात सहाशे माणसं. हा आता कापड उलगडणार. सहाशे माणसं वाचणार. उद्यापासून गाव कुमेदाच्या दुकानासमोरून नम्रपणे, मान खाली घालून, न बोलता जाणार. इसोहामात याहून मोठी शिक्षा नाही. शिवाय नऊ लाल कार्डांपैकी दोन ठोशांसाठी होती, हेही कुमेदाला नेमकं आत्ताच आठवलं.

तोगाशी समोर येऊन उभा राहिला. धाप लागली होती. त्याने गाठ सोडली. आतलं कापड घडीवर घडी घालून ठेवलेलं, आणि चक्क इस्त्री केलेलं. राग जपून ठेवणारी माणसं कुमेदाने पुष्कळ पाहिली होती. रागाला इस्त्री करणारा माणूस पहिलाच.

"ते... ते मीच लिहिलं होतं," कुमेदाच्या तोंडून निघून गेलं.

"माहीत आहे," तोगाशी म्हणाला. "गावात रंगारी एकच आहे."

"आम्हालाही माहीत आहे हो!" माकुळाची ताटली घेऊन मागोमाग वर आलेल्या हिनात्सुबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या भाषणाला दरवर्षी एवढ्या टाळ्या पडतात, त्या काय भाषणाला? तुमच्या धाडसाला!"

कुमेदाने खिशातला कागद मुठीत चुरगाळला. मान वर करायची हिंमत नव्हती. "तोगाशीसान, मला अर्धा तास द्या. नवा रंगवतो. चांगला. पांढऱ्यावर निळा. हे... हे जाळून टाकू."

तोगाशीने कठड्याकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतरा नावं वाऱ्यावर फुगत होती, आणि कोपऱ्यात एकाची जागा रिकामी होती. त्याने कापडाची लाल शिवणीची कड कुमेदाच्या हातात दिली, दुसरी स्वतः धरली.

"नको. हेच बांधा," तो म्हणाला. "सामना संपल्यावर सगळे आपापल्या नावापुढे वाकतील. या गावात माझं नाव एवढ्यावरच आहे."