मखमली खोळ

तीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाटाखाली गंजत पडलेली वडिलांची विलायती मोटारसायकल मुलानं दोन वर्षं खपून, न्हाऊमाखू घालून उभी केली. पहिल्याच किकला ती धडधडली, तसे वडील मफलर गुंडाळत पुढे झाले आणि दारात उभ्या आईला म्हणाले,

"चल गं, बस मागे. राहिलेली फेरी मारून येऊ."

"बाबा, अहो हात नका लावू! ओरखडा पडेल. आणि रस्त्यावरची धूळ तर हिला अजिबात सोसायची नाही."

मुलानं इंजिन बंद केलं, चारी बाजूंनी फोटो काढले आणि मखमली खोळ चढवून तिला पुन्हा त्याच शेडमध्ये लोटलं.

वडील खोळीकडे बघत राहिले. आईनं पायात चपला सरकवल्या.

"चला, पायीच जाऊन येऊ. आपल्यावर अजून कुणी खोळ घातली नाहीये."