कुंपणाकडं पाठ

"काका, किती वेळा सांगू? हा चकचकीत टीव्ही अंगणात चालत नाही. उजेडात त्याचा नुसता आरसा होतो!"

"मला अक्कल शिकवू नकोस. हाच लाव. आणि माझी खुर्ची अशी ठेव, की कुंपणाकडं पाठ आली पाहिजे."

फिटरच्या मनात पाल चुकचुकली. टीव्ही भिंतीवर चढला तरी काका तो चालूच करेनात. बंद काळ्या पडद्यात कुंपणापलीकडचं अख्खं अंगण दिसत होतं आणि काका डोळे फाडून तेच बघत बसले होते. म्हातारा या वयात कुणावर पाळत ठेवतोय?

पाणी देताना काकू हळूच म्हणाल्या, "पलीकडं यांचा धाकटा भाऊ राहतो. मोठ्या आजारातून परवाच उठलाय, अंगणात चालायला लागलाय. पण भांडणात यांनी शपथ घेतलीय ना, तिकडं पुन्हा मान वळवून बघणार नाही म्हणून!"

फिटरने मोबाइलवरचा पुढचा पत्ता पुन्हा एकदा वाचला.

 

"निघायला हवं, काकू. पलीकडच्या अंगणातही हाच टीव्ही लावायचाय. ते काकाही दुसरा घ्यायला तयार नाहीत."