दुसरी बॅटरी

विमानाचं इंजिन सुरू झालं, तरी कल्पिताच्या शेजारचं आसन रिकामंच होतं. तिने खिडकीची काच सरकवून हाक मारली.

"धनेश, येतोयस ना?"

बाहेर उभ्या नवऱ्याने कानावर हात ठेवला. "कान जाम ठणकतोय गं. वर गेलो तर पडदा फाटंल. तूच मार एक फेरी."

किहीमच्या नारळीबागांमागे एका हौशी शेठने ही धावपट्टी बांधली होती. तिच्याच कडेच्या शेडमध्ये छोटी विमानं दुरुस्त करायची, हा या नवराबायकोचा धंदा. तो मेकॅनिक, ती पायलट. धंद्यात कायदा एकच, आणि तोही धनेशनेच घातलेला. ज्याच्या हाताने इंजिन उघडलं, त्याने पहिल्या फेरीला पायलटच्या शेजारी बसायचं. सही काय, कोणीही ठोकतो, तो म्हणायचा. स्वतःचा जीव शेजारी ठेवला की नट आपोआप घट्ट बसतात. सोळा वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. अंगात ताप असताना तो बसला होता. सख्ख्या भावाच्या हळदीतून अर्ध्यावर उठून, पिवळ्या तोंडाने येऊन बसला होता. आज कानाचं निघालं.

बरं, आजचं काम काही साधं नव्हतं. इंजिनात ठिणगी पाडणारे जुने दोन्ही मॅग्नेटो काढून त्याने त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं. मॅग्नेटो म्हणजे खडूस म्हातारा. कुरकुरेल, सकाळी उठायला वेळ लावेल, पण ठिणगी पाडायला कोणाकडे वीज मागायला जाणार नाही. नवं यंत्र झकास, पेट्रोलही कमी खातं, पण त्याला बॅटरी लागते. वर असताना बॅटरीने दगा दिला तर ठिणगी बंद, ठिणगी बंद तर इंजिन बंद, आणि खाली समुद्र. म्हणून फक्त इग्निशनसाठी एक दुसरी बॅटरी असते, वेगळ्या वायरीवरची. ती बसवल्याचं धनेशने लॉगबुकात लिहिलं होतं आणि खाली सही केली होती.

अकरा वाजता विमानाचे मालक परेशशेठ यायचे होते. त्यांना काम पसंत पडलं तर त्यांच्या मित्रांची आणखी चार विमानं याच शेडमध्ये येणार होती. महिनाभर धनेशला दुसरा विषय नव्हता.

कल्पिताला राग आला, मग त्या रागाची लाज वाटली. माणसाचा कान दुखू शकतो. तिने डावं इग्निशन बंद करून पाहिलं, मग उजवं. इंजिन किंचित मंदावलं आणि पुन्हा लयीत आलं. सगळं चोख होतं. ब्रेक सोडायचा तेवढा बाकी होता.

पण ते रिकामं आसन डोळ्यांत खुपत होतं. एक चाचणी ती कधी करत नसे, कारण ते काम धनेशचं होतं. मोठ्या बॅटरीचा मुख्य स्विच बंद करायचा आणि दुसरीवर इंजिन चालतं का ते पाहायचं. तिचा हात त्या स्विचवर गेला. तिने तो खाली केला.

इंजिन जागच्या जागी मेलं.

ती खाली उतरली. धनेश धावत आला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"दुसरी बॅटरी कुठाय?"

"पुण्याहून आलीच न्हाय गं अजून. वायर ओढून ठेवलीय. आली की लावणार होतो, नि तुला सांगायचाच इसरलो. डोक्यात नुसता शेठ, शेठ. आईशप्पथ, इसरलो."

"अरे, कोळ्यांनी जाळ्यातून काढून आणली असती मला!"

धनेश मटकन खाली बसला आणि रडू लागला. रडताना त्याला तिने फक्त त्याचे वडील गेले तेव्हा पाहिलं होतं.

तिने ते मानलं. मानायला जागाही होती. हा गडी गाडीची चावी विसरतो, जेवणाचा डबा विसरतो, स्वतःच्या लग्नात अंगठी घरी विसरून आला होता. इतकी मोठी गोष्ट कोणी विसरतं का, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला, पण तिने तो गिळला. विसराळू नवऱ्याचा ताप होतो, पण त्याच्याबरोबर संसार करता येतो. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मनातलं ओझं उतरलं होतं. शेठना काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवू, असं तिने मनाशी म्हटलंसुद्धा.

"ऊठ," ती म्हणाली. "आधी डॉक्टरला दाखवून ये तो कान."

तेवढ्यात शेडमधून त्यांची भाविका आली. बारावीतली एकुलती एक पोर, उड्डाणाचा व्हिडिओ काढायला थांबली होती. इंजिन का थांबलं हे तिला कुठे ठाऊक! मोबाइल खिशात कोंबत ती फुरंगटून म्हणाली,

"मम्मी, आता पुढच्या वेळी मी येणार हां तुझ्यासोबत. आज पण आले असते, पप्पांनीच अडवलं. कालपासून सांगतायत, उद्या मम्मीबरोबर तू वर न्हाय जायचं, दोघी एकदम नकोत."