घरात न कळणारी भाषा

मैत्रीनं फ्रेंचमध्ये बीए केलं तेव्हा तेलंगणातल्या तामसी गावात लोक हसले होते. आता ती हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात आफ्रिकेतून आलेल्या पेशंटचं म्हणणं डॉक्टरांना समजावून सांगते. सुट्टीत घरी आली की दवाखान्यातल्या मैत्रिणीशी फोनवरही फ्रेंचच बोलते, आणि तिचे वडील रामाजी कान देऊन ऐकत राहतात.

समोरच्याला न कळणारी भाषा माणूस कशासाठी वापरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची बायको ताराबाई शेवटच्या आजारात होती तेव्हा तेही तिच्या खाटेशी बसून डॉक्टरांशी तेलुगूत बोलायचे. ती महाराष्ट्रातल्या किनवटकडची, तिला तेलुगू काय कळणार. 'सगळं ठीक हाय' म्हटलं की हसायची बिचारी.

उन्हाळ्यापासून रामाजींचा स्वतःचा खोकला थांबेना, तेव्हापासून ते मैत्रीची फ्रेंचची पहिल्या वर्षाची पुस्तकं चोरून वाचू लागले. मागच्या आठवड्यात तिच्याच दवाखान्यात त्यांची तपासणी झाली.

आज त्या मैत्रिणीचा फोन आला. मैत्री त्यांच्यासमोर बसूनच बोलली. रामाजींना मोजकंच कळलं: बाबा, कॅन्सर, तीन महिने. हातातला कप त्यांनी हळूच खाली ठेवला.

"माझा रिपोर्ट आला का, माय?"

"आला नं बाबा. सगळं ठीक हाय. तुमी काऊन भेऊन राह्यले?"

रामाजी हसले.



आणि हसता हसता त्यांना कळलं, ताराबाईला तेलुगू येत होतं.