लॅबचा रिपोर्ट

"काका, अभिनंदन! ढवळी ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाईंनी लॅबचा रिपोर्ट पुढे सरकवला.

देवकुळेकाकांनी कुत्रीच्या मानेवरचा हात काढला नाही. "पण तुमच्या त्या रक्त तपासायच्या पट्टीवर तर दोन रेघा आल्या होत्या. गोचिडांचा आजार म्हणालात."

"पट्टी झटपट सांगते, पण कधी कधी नसलेल्या अँटीबॉडीही दाखवते. लॅबवाले मोजून सांगतात. आता दर शुक्रवारी यायला नको."

शुक्रवार म्हणजे दवाखान्यातलं बाक, शेजारच्या मांजरवाल्या बाईंशी गप्पा, आणि कंपाउंडरचं "काय काका, जेवलात का?" काकांनी मनात चटकन हिशेब केला. "मी काय म्हणतो, पट्टीवरच विश्वास ठेवू या की!"

"अहो, कुत्री आजारी हवीय का तुम्हाला?" बाई हसल्या. काकाही हसले, जरा उशिरा.

घरी येऊन त्यांनी ढवळीला अंगणात उन्हाला बसवलं. कानांमागे, पंजांच्या बेचक्यांत, केस बाजूला करकरून एखादी तरी गोचीड शोधली. एकही सापडली नाही. सापडणार कुठून? दिवसभर दुसरं काम नसल्यामुळे त्यांनीच तिला इतकं स्वच्छ ठेवलं होतं.